रेंज नाही म्हणून हक्क नाही, हे चालणार नाही



आपली संघटना जमिनीची. वनजमिनीचे दावे, सातबारा, सामूहिक हक्क, फॉरेस्टवाल्यांची दडपशाही, यांवर आपण बोलतो, लिहितो, मोर्चे काढतो. मग या वेळी संपादकीय मोबाइलच्या रेंजवर कशाला, असं काही जणांना वाटेल. "पोरं आधीच मोबाइलात डोकं घालून बसलीत, आता संघटनापण टॉवर मागणार का?" असंही जुनी माणसं म्हणतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, त्यावर पुढे बोलू. पण आधी एक हिशेब मांडू या. गेल्या काही वर्षांत सरकारनं आपल्या कुठल्या कुठल्या हक्काच्या दारावर मोबाइल बसवला?

पहिलं, रोजगार हमी. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर हजेरी मोबाइल अ‍ॅपवरच घ्यायची, असा केंद्राचा हुकूम आहे. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा, तो जागेच्या खुणेसकट वर चढवायचा. फोटो चढला नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता. माती उपसायची बाईनं, घाम गाळायचा बाईनं, आणि तिची मजुरी अडकणार कशावर? तर मुकादमाच्या फोनला दोन काड्या दिसतात की नाही यावर.

दुसरं, रेशन. दुकानात मशीन आलं, मशीनवर अंगठा आला. अंगठा जुळायला मशीनला नेट लागतं. मग दुकान एका जागी आणि अंगठा द्यायची जागा दुसरीकडे, डोंगराच्या माथ्यावर, असा प्रकार होतो. म्हातारी माणसं अंगठ्यासाठी टेकडी चढतात आणि धान्यासाठी परत उतरतात. त्यात ई-केवायसी आली. घरातल्या प्रत्येकानं येऊन अंगठा द्यायचा. जो ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा गुजरातेत मजुरीला गेलाय त्यानं काय करायचं?

तिसरं, अंगणवाडी. २०२५ च्या १ जुलैपासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा फोनमध्ये ओळखला गेला पाहिजे, असा नियम लागू झाला. कुपोषणासाठी ज्या जिल्ह्यांची नावं दरवर्षी विधानसभेत घेतली जातात, त्याच जिल्ह्यांत बाळाचा आहार आता नेटवर टांगला.

चौथं, शेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि अ‍ॅपवर नोंदवायचा. पिकाची नोंद नसेल तर नुकसानभरपाईला अडचण, कर्जाला अडचण. आणि आपल्याला यातलं जास्त कळायला पाहिजे. जमीन आम्ही कसतो, हे सांगणारा कागद मिळवण्यासाठी आपल्या बापजाद्यांनी किती दंड भरले, किती वेळा आत गेले. आज तो कागद फोनमध्ये गेला. फोन चालत नसेल तर कसणारा माणूस कागदावर दिसेनासा होतो.

पाचवं, जीव. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका आहे. चांगली सोय आहे, कोण नाही म्हणतो? पण १०८ येते ती फोन लागला तर. बाई अडलेली, रात्र अंधारी, बांबूच्या झोळीत घालून चार माणसं तिला रस्त्याला आणतात. रस्त्याला आल्यावर रेंज शोधतात आणि मग गाडीची वाट बघतात. पाड्यावरूनच फोन लागला असता तर झोळी रस्त्याला पोचेपर्यंत गाडी तिथं उभी असती. त्या दोन-तीन तासांत काय होतं, ते आपल्या पाड्यांना सांगायला नको.

असा हा हिशेब आहे. मोबाइल आपण मागितला नव्हता. सरकारनं आपला कारभार उचलून मोबाइलमध्ये नेला, आणि जिथं मोबाइल चालत नाही तिथल्या माणसाला दाराबाहेर ठेवलं. म्हणून रेंजचा प्रश्न जमिनीच्या प्रश्नाला येऊन चिकटलाय. तो टाळून चालणार नाही.

आता बघू या, वचनं काय दिली होती.

१९९४ साली केंद्राचं दूरसंचार धोरण आलं. त्यात लिहिलं होतं की १९९७ पर्यंत देशातल्या सगळ्या गावांत फोन पोचेल. १९९७ गेलं. १९९९ साली नवं धोरण आलं, मुदत २००२ झाली. २००२ मध्ये एक खास निधी सुरू झाला, सार्वत्रिक सेवा निधी. कायद्यात दुरुस्ती करून त्याला कायद्याचा आधारही दिला. २०११ साली देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना केबल पोचवायची योजना मंजूर झाली, तिचंच नाव पुढं भारतनेट. ती दोन वर्षांत संपायची होती. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान म्हणाले, १००० दिवसांत प्रत्येक गावाला केबल. ते १००० दिवस २०२३ च्या मे महिन्यात भरले. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच राज्यांच्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांना फोर-जी देण्याची योजना मंजूर झाली. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे, आणि महाराष्ट्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत नंदुरबार आणि गडचिरोली आहेत. जुलै २०२२ मध्ये आणखी एक योजना आली, देशातल्या २४,६८० गावांसाठी, २६,३१६ कोटी रुपयांची, बीएसएनएलच्या हातून.

म्हणजे १९९४ पासून आजपर्यंत तीस वर्षं उलटली. मुदती पुढं पुढं ढकलल्या गेल्या. काम झालंच नाही असं नाही. सपाटीला झालं, हायवेला झालं, तालुक्याला झालं. काही डोंगरी गावांतही बीएसएनएलचे टॉवर उभे राहिले. पण त्यातले किती चालू आहेत, लाइट गेल्यावर किती तास टिकतात, बॅटरी खराब झाली तर कोण बदलतं, हे विचारायला कोणी येत नाही. टॉवर उभा राहिला की सरकारी कागदावर गाव 'जोडलं' जातं. फोन लागतो का नाही, याचा रकाना त्या कागदात नसतो.

आणि पैसे कुणाचे? हे नीट समजून घ्या. त्या निधीत दरवर्षी मोबाइल कंपन्यांच्या कमाईतून भर पडते. कंपन्या सरकारला जी परवाना फी देतात, त्यातला कमाईच्या ५ टक्क्यांचा भाग याच निधीसाठी धरलेला आहे. कंपनी ती कमाई कुठून आणते? रिचार्जमधून. बाजारच्या दिवशी गावाबाहेर रेंजमध्ये आल्यावर आपला माणूस जो रिचार्ज मारतो, त्यातलाही वाटा त्यात आहे. निधीचा कायद्यातला हेतूच असा, की जिथं कंपनीला नफा नाही तिथं फोन पोचवायचा. तरी या निधीतला मोठा पैसा कित्येक वर्षं खर्चच झाला नाही. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानं निधीचं नाव बदलून 'डिजिटल भारत निधी' केलं. पाटी बदलली, ठीक आहे. पण आमच्या पाड्याला त्यातून काय आलं, याचा हिशेब मागायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. ही मेहेरबानी नाही. यासाठीचा पैसा आधीच गोळा झालेला आहे.

मग अडतं कुठं? तीन ठिकाणी अडतं.

एक, कंपनीचं गणित. कंपनी बघते, एका टॉवरखाली किती माणसं येतील आणि दर महिन्याला किती रिचार्ज होतील. डोंगरात घरं लांब लांब, माणसं वर्षातले सहा महिने मजुरीला बाहेर. तिच्या गणितात आपण बसत नाही. यात नवल नाही, व्यापारी तो व्यापारीच. म्हणून तर निधी काढला होता.

दोन, मोजणी. ही गोष्ट आपल्या लोकांनी नीट पकडली पाहिजे. सरकार फोनची मोजणी महसुली गावाप्रमाणं करतं. गावठाणात फोन लागला की अख्खं गाव 'जोडलेलं'. पण आपल्याकडं गाव म्हणजे काय? एक महसुली गाव म्हणजे आठ-दहा पाडे. एक पाडा ह्या डोंगरावर, दुसरा पलीकडं, मध्ये नाला. गावठाणात लागणारा फोन वरच्या पाड्याला काय कामाचा? आणि गंमत बघा. १९९६ चा पेसा कायदा म्हणतो की वस्ती, वस्त्यांचा समूह किंवा पाडा, जिथले लोक आपल्या रीतीनं आपला कारभार करतात, ते गाव. वनहक्क कायद्यानं गावाच्या व्याख्येत पेसाचंच हे गाव घेतलंय. म्हणजे संसदेनं केलेल्या दोन कायद्यांत पाडा हा गाव आहे, आणि दूरसंचारच्या यादीत पाड्याचं नावच नाही. मोजणी पाड्याप्रमाणं झाली पाहिजे, ही आपली पहिली मागणी. मोजलंच नाही तर मिळणार काय?

तीन, जंगलाचं निमित्त. साहेबांना विचारलं तर सांगतात, "काय करणार, फॉरेस्टची जमीन आहे, परवानगी मिळत नाही." म्हणजे आपल्याला जंगल सांभाळल्याची शिक्षा. पण हे पूर्ण खरं नाही. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पाण्याची लाइन, रस्ता अशा १३ प्रकारच्या सरकारी सोयींसाठी वनजमीन देता येते. त्या यादीत वीज आणि दूरसंचाराच्या लाइनी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. अटी दोन-तीनच. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. म्हणजे केबल आणायची असेल तर रस्ता कायद्यात आहे, आणि त्याची चावी ग्रामसभेच्या हातात आहे. साहेबांनी ग्रामसभेकडं कधी विचारणा केली का, एवढंच आपण विचारायचं.

इथं एक सावधगिरीही सांगायला हवी. सरकारच्या ताब्यातली सोय आणि खाजगी कंपनीचा टॉवर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाजगी टॉवर कलम ३(२) मध्ये आपोआप बसत नाही, त्याला १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची वेगळी वाट आहे. त्यामुळं कोणी कोऱ्या कागदावर सह्या-अंगठे मागायला आलं, "टॉवर येणार आहे, लवकर करा" म्हणालं, तर सही करायची नाही. जागा कोणती, किती गुंठे, कुणाच्या कसवणुकीत आहे, झाडं किती, भाडं कुणाला, हे सगळं ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय ठराव नाही. आणि ज्या प्लॉटवर दावा चालू आहे तिथून दावेदाराला हलवता येत नाही. दाव्याची पडताळणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत कुणालाही काढायचं नाही, हे कलम ४(५) सांगतं. टॉवर हवा, पण टॉवरच्या नावानं जमीन गेली असं व्हायला नको. धरणं, अभयारण्यं, खाणी, सगळी 'विकासा'च्याच नावानं आली होती, हे आपण विसरलेलो नाही.

आणखी एक गोष्ट. गडचिरोलीसारख्या भागात टॉवरची मोठी योजना आली ती २०१४ साली, नक्षलग्रस्त भागांसाठी म्हणून. पोलिसांच्या गरजेनं टॉवर येतो, मग बाळंतिणीच्या गरजेनं का येत नाही? जागा ठरवताना ठाणं कुठं आहे हे बघतात. दवाखाना कुठं, आश्रमशाळा कुठं, हेही बघितलं पाहिजे. आणि ते ग्रामसभेनं सांगितलं पाहिजे.

आता थेट आपल्या दाव्यांकडं येऊ.

वनहक्काच्या दाव्यांतही यंत्रं शिरली आहेत. जीपीएसनं मोजणी, उपग्रहाचा फोटो, ऑनलाइन नोंद. "फोटोत शेती दिसत नाही" म्हणून दावा फेटाळला, असं किती जणांनी ऐकलंय! इथं दोन नियम पाठ करून ठेवा. दोन्ही २०१२ च्या दुरुस्ती नियमांतले, नियम १२-अ मधले आहेत. पहिला, उपग्रहाचा फोटो किंवा दुसरं कुठलंही तंत्र हे इतर पुराव्याला जोड म्हणून वापरायचं, इतर पुराव्याच्या जागी नाही. म्हणजे म्हाताऱ्यांची साक्ष, दंडाच्या पावत्या, जुनी बांधबंदिस्ती, हे पुरावे फोटोच्या खाली दाबता येत नाहीत. दुसरा, दावा फेटाळला किंवा कमी केला तर ते दावेदाराला समक्ष कळवायचं, म्हणजे त्याला ६० दिवसांत वरच्या समितीकडं अपील करता येईल. ६० दिवसांवर आणखी ३० दिवस वाढवून मिळू शकतात.

'समक्ष' या शब्दाला महत्त्व आहे. जिथं रेंज नाही तिथल्या माणसाच्या नंबरवर मेसेज टाकला आणि 'कळवलं' म्हणून मोकळे झाले, हे नियमात बसत नाही. ऑनलाइन यादीत नाव टाकलं म्हणजे कळवलं, असंही नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला होता, आठवतं ना? देशभर आदिवासी रस्त्यावर आले आणि २८ फेब्रुवारीला कोर्टानं आपलाच आदेश थांबवला. तेव्हा हाच मुद्दा पुढं आला होता, की कितीतरी लोकांना आपला दावा फेटाळलाय हे माहीतच नव्हतं. बातमी न पोचणं म्हणजे जमीन जाणं, एवढं सरळ आहे हे.

म्हणून आपली भूमिका दोन पायांवर उभी आहे. एक पाय: पाड्यापाड्याला फोन आणि नेट पोचलंच पाहिजे, तो आमचा हक्क आहे. दुसरा पाय: जोपर्यंत ते पोचत नाही, आणि पोचल्यावरही ज्याला ते वापरता येत नाही त्याच्यासाठी, कागद आणि वही चालू राहिली पाहिजे. एका पायावर उभं राहिलो तर पडू. नुसता टॉवर मागितला तर सरकार म्हणेल, "येतोय, तोवर थांबा", आणि तोवर मजुरी, रेशन, आहार बुडेल. नुसता कागद मागितला तर आपली पोरं कायमची मागं राहतील.

दुसऱ्या पायासाठी नियमांत आधार आहे. तो बहुतेकांना माहीत नाही, म्हणून इथं देतो. रोजगार हमीत, अडचणीच्या प्रसंगी फोटो चढला नाही तर हातानं घेतलेली हजेरी भरण्याचा अधिकार जिल्हा कार्यक्रम समन्वयकाला, म्हणजे आपल्याकडं जिल्हाधिकाऱ्याला आहे. तेव्हा मुकादम 'नेट नाही, हजेरी नाही' म्हणाला तर त्याच दिवशी कागदी हजेरी घ्यायला लावा, सह्या-अंगठे करा आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्याच्या नावानं टाका. रेशनबाबत केंद्राच्या अन्न खात्यानं २४ ऑक्टोबर २०१७ ला सगळ्या राज्यांना लेखी कळवलंय, की अंगठा जुळला नाही किंवा नेट नसलं म्हणून धान्य नाकारायचं नाही. कार्ड बघून धान्य द्यायचं आणि वेगळ्या वहीत नोंद करायची. दुकानदाराला ती वही दाखवायला सांगा. वही नसेल तर तहसीलदाराला विचारा, की का नाही.

कोर्टाचाही आधार आहे. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं एक निकाल दिला. खटला होता अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा गेलेल्या आणि अंध माणसांचा, ज्यांना फोनवरच्या केवायसीत डोळे मिचकवता येत नाहीत म्हणून बँकेचं काम अडत होतं. कोर्ट म्हणालं, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. खेड्यातल्या, गरीब आणि भाषेनं वेगळ्या माणसांचाही उल्लेख त्या निकालात आहे. त्याआधी २०१९ मध्ये केरळच्या हायकोर्टानं एका कॉलेजच्या मुलीच्या खटल्यात इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला होता. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा आपल्या पोरांनी झाडावर आणि टेकडीवर बसून रेंज शोधली. ज्यांना फोनच नव्हता त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. त्या पोरींपैकी किती जणींची लग्नं झाली, ते पाड्यात विचारा.

पोरींवरून बायांची गोष्ट. घरात फोन एकच, आणि तो पुरुषाच्या खिशात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १०० बायांपैकी ५४ जणींकडं स्वतः वापरायचा मोबाइल होता, आणि खेड्यातल्या १०० बायांपैकी फक्त २५ जणींनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. मजुरीचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर येतो, ओटीपी दिराच्या फोनवर जातो. मग पैसा कुणाच्या हातात राहणार? टॉवर आला तरी ही अडचण सुटत नाही. बायांच्या बचत गटाकडं, अंगणवाडीत, ग्रामसभेच्या जागेत सगळ्यांनी वापरायचा एक फोन-संगणक असावा, तो शिकवणारी पाड्यातलीच मुलगी असावी आणि तिला मानधन मिळावं, ही मागणी बायांच्या बैठकीतूनच पुढं आली पाहिजे.

तसंच भाषेचं. फोन लागला आणि पलीकडून यंत्रातली बाई मराठीत, हिंदीत, इंग्रजीत 'एक दाबा, दोन दाबा' म्हणाली, तर भिली, पावरी, कोरकू, माडिया बोलणाऱ्या म्हातारीनं काय दाबायचं? शेजारच्या छत्तीसगडात २०१० साली 'सीजीनेट स्वर' नावाचं काम सुरू झालं. साध्या मोबाइलवरून एका नंबरला फोन लावायचा, आपल्या बोलीत, गोंडीतसुद्धा, आपली तक्रार किंवा बातमी बोलून ठेवायची. ती दुसऱ्यांनी फोनवर ऐकायची. लिहिता-वाचता यायची गरज नाही, महागडा फोन नको. थकलेली मजुरी, बंद हातपंप अशा तक्रारी तिथून वर गेल्या आणि काहींची कामंही झाली. सांगायचा मुद्दा असा, की यंत्र माणसाच्या भाषेत आणता येतं. आणायची इच्छा लागते.

कोणी म्हणेल, कंपनी येत नाही, सरकार आणत नाही, मग करायचं काय? यावर लांबचं एक उदाहरण सांगतो. मेक्सिको देशात ओआहाका राज्यात, डोंगरात, तालेआ दे कास्त्रो नावाचं झापोतेक आदिवासींचं गाव आहे. मोबाइल कंपन्यांनी सांगितलं, तुमची लोकसंख्या थोडी, आम्ही येत नाही. गावानं आपल्या सभेत ठरवलं, आणि जाणकार कार्यकर्त्यांच्या मदतीनं २०१३ मध्ये स्वतःचं मोबाइल नेटवर्क उभं केलं. गावाच्या मालकीचं, स्वस्त. बघून आजूबाजूच्या गावांनी तेच केलं. पुढं २०१६ मध्ये तिथल्या सरकारी नियामकानं आदिवासी गावांच्या संस्थेला रीतसर परवाना दिला. आदिवासींसाठी लहरींचा वाटा वेगळा ठेवायची तरतूद तिथल्या कायद्यात आहे. आपल्याकडं मोबाइलच्या लहरी लिलावात कंपन्यांना जातात. जंगल सामूहिक मालकीचं असू शकतं हे २००६ मध्ये कायद्यानं मानलं. मग डोंगरावरून जाणाऱ्या लहरींचा थोडा वाटा ग्रामसभेला का नको, हे विचारायला काय हरकत आहे?

आणि आज, आहे त्या कायद्यातही थोडं करता येतं. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. त्यात किराणा दुकानदारसुद्धा सार्वजनिक वायफाय चालवू शकतो, त्याला परवाना लागत नाही. ग्रामपंचायतीत केबल आली असेल तर तिथून पाड्यापर्यंत नेता येतं. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीनं 'ग्राम मार्ग' प्रकल्पात टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून गावांना इंटरनेट पोचवून दाखवलंय. म्हणजे 'डोंगर आहे, शक्यच नाही' हे उत्तर खोटं आहे. ज्या पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा थेट निधी मिळतो, तिथं याचा विचार ग्रामसभेत व्हावा.

आता जुन्या माणसांचं म्हणणं. मोबाइलनं पोरं बिघडतात, जुगाराच्या अ‍ॅपमध्ये पैसे घालवतात, खोट्या बातम्या पसरतात, अंगठा घेऊन खात्यातले पैसे काढतात. हे होतंय, डोळे झाकून चालणार नाही. पण यावर उपाय अंधारात राहणं हा नाही. दारूही बाजारातून आली. आपण बाजार बंद केला नाही, बायांनी पाड्यात दारूबंदीचे ठराव केले. तसंच इथं. पैसे काढताना अंगठा दिला की पावती घ्यायचीच. ओटीपी कुणाला सांगायचा नाही. पासबुक महिन्यातून एकदा बँकेत भरून घ्यायचं. शिकलेल्या पोरांनी दर बैठकीत पंधरा मिनिटं हे समजावून सांगायचं. मोबाइलमध्ये डोकं घालणाऱ्या पोरांचं डोकं ह्या कामाला लावा.

तर साथींनो, काम पुढीलप्रमाणे.

प्रत्येक पाड्यानं एक कागद भरायचा. पाड्याचं नाव, घरं किती, कुठल्या कंपनीचा फोन लागतो, कुठं उभं राहिल्यावर लागतो, चालत किती वेळ, लाइट गेल्यावर लागतो का. रेशनचा अंगठा कुठं देतात. रोजगार हमीची किती हजेरी नेटमुळं बुडाली, तारखेसकट. १०८ ला फोन लावायला किती लांब जावं लागतं. बायांपैकी किती जणींकडं स्वतःचा फोन. हा कागद पोरा-पोरींनी घरोघर फिरून भरायचा, बैठकीत बसून अंदाजानं नाही.

मग ग्रामसभेत ठराव घ्यायचा. मसुदा असा: "आमची ग्रामसभा ठराव करते की, (१) मोबाइल व इंटरनेट सेवेची मोजणी महसुली गावाप्रमाणे न करता पाड्याप्रमाणे करावी व आमच्या पाड्याचा समावेश डिजिटल भारत निधीच्या कामात करावा. (२) टॉवर किंवा केबलची जागा ग्रामसभेच्या लेखी संमतीनेच ठरवावी. वनहक्क दावेदाराच्या कब्जाला धक्का लावू नये. (३) सेवा सुरळीत होईपर्यंत रोजगार हमीची हजेरी, रेशन, अंगणवाडीचा आहार व पीक पाहणी कागदी नोंदीवर द्यावी. नेट नाही म्हणून कोणालाही वंचित ठेवू नये. (४) वनहक्क दाव्यांचे निर्णय दावेदाराला समक्ष व लेखी द्यावेत." ठरावाच्या प्रती तहसीलदार, गटविकास अधिकारी, प्रकल्प अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना द्यायच्या. प्रत्येक ठिकाणी पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसकट. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही, असं समजा.

ठराव आणि पाड्याचे कागद तालुका कमिटीकडं आणून द्या. सगळ्या पाड्यांचं मिळून एक मोठं पत्रक करू, आणि ते घेऊन जिल्ह्याला जाऊ. अधिकारी म्हणतील, "अर्ज ऑनलाइन करा." तेव्हा आपण त्यांना आपल्या पाड्यावर बोलवू आणि तिथूनच तो अर्ज करून दाखवा म्हणू.

जोहार! जिंदाबाद!